न प्यायलेल्या दारूची शपथ

संज्या,

परवा तुझं तेरावं झालं. पंगतीत मी खीर वाढत होते आणि तुझी ओवी तिच्या मावसबहिणीच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती. दहा वर्षांच्या पोरींची कुजबुज ती, अख्ख्या मांडवाला ऐकू जाते. ती म्हणत होती, "माझे पप्पा दारू प्यायचे ना, म्हणून पडायचे. म्हणून तर गेले."

मी वाढतच राहिले. पुढचा माणूस "वहिनी, बास बास" म्हणाला तेव्हा कळलं की त्याच्या पानात खीर ओसंडून वाहतेय. मग मी ओवीपाशी गेले, वाकले, तिच्या वाटीत खीर घातली आणि पुढच्या पानाकडे सरकले. एवढंच केलं मी.

तू दारू प्यायला नाहीस. आयुष्यात कधीच नाही. बापाचं झालेलं आपण दोघांनी पाहिलं होतं, तेव्हापासून तुला त्या वासानेच मळमळायचं. ही गोष्ट माझ्याइतकी पक्की कुणाला माहीत नाही. पण ती तुझ्या पोरीला सांगायची तर तिच्या पाठोपाठ दुसरी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी चौदा वर्षं कुणाला सांगितलेली नाही. तुला तर नाहीच. म्हणून आधी तुला सांगते. तुला सांगून झालं की बघू धीर होतो का.

तुला आठवतं, मी रोज फोन करायची? कुळगावातले माझे सकाळचे डबे रवाना झाले की हातावरचं पीठ झटकून पहिला फोन तुला. "काय रे, काय खाल्लंस? काल संध्याकाळी काय होतं जेवायला? आज वार कोणता?" सुरुवातीला तू सरळ उत्तरं द्यायचास. मग तुझ्या लक्षात आलं की ही विचारपूस नाही, परीक्षा आहे. त्यानंतर फोन उचलल्या-उचलल्या तूच सुरू व्हायचास, "आज मंगळवार, माझं नाव संजय, राहणार बेलवली, काल भेंडीची भाजी होती आणि माझी मोठी बहीण सकाळी सकाळी डोकं खाते. झालो का पास?" मी म्हणायची, "झालास, फोन ठेव." आणि फोन ठेवून मी खरंच हुश्श करायची, बाकावर बसून अर्धा कप चहा घ्यायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

लोकांना वाटायचं, शोभाताईचा भावावर किती जीव. जीव होताच रे. पण तो फोन जिवापोटी नव्हता, भीतीपोटी होता. मी कशाची वाट बघत होते ते फक्त मला माहीत होतं.

तू चोवीस वर्षांचा होतास. डोक्यातली गाठ काढली, पण थोडी आत राहिली. मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की आता शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला लागेल, सहा आठवडे. तू ऐकायलाच तयार नव्हतास. "ऑपरेशन झालं ना? टाके निघाले ना? बास झालं. शेक-बिक काही नको, मला कामावर जायचंय." पट्टी बांधलेल्या डोक्याने कॉटवर बसून माझ्याशी भांडत होतास. मी रडले, ओरडले, आईची शपथ घातली. शेवटी तू वैतागून म्हणालास, "बरं बाई, दे शेक. भाजून काढ एकदाचं."

त्याच दुपारी तो चष्म्याचा तरुण डॉक्टर मला पॅसेजमध्ये भेटला. भला माणूस होता. घाई नव्हती त्याला. म्हणाला, "ताई, एक सांगणं माझं काम आहे. शेकाने गाठ आटोक्यात राहील. पण काही पेशंटना खूप उशिरा, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कधी त्याच्याही नंतर त्रास सुरू होतो. विसरायला होतं, चालताना तोल जातो, स्वभाव बदलतो, फिट्स येतात. सगळ्यांना होत नाही. पण होऊ शकतं. उद्या सही घेताना मी त्यालाही समजावणार आहे." मी विचारलं, "आणि शेक नाही दिला तर?" तो म्हणाला, "मग दहा वर्षांचा प्रश्नच बहुतेक येणार नाही."

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. केस जातील, उलट्या होतील, थकवा येईल, हे सगळं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आणि काही उशिरा होणारे परिणामही..." मी त्याला मध्येच तोडलं. "डॉक्टर, ते मी त्याला काल सांगितलंय सगळं. त्याला माहीत आहे." त्याने तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तू विचारलंस, "मोठं काही नाही ना, ताई?" मी म्हणाले, "काही नाही रे, कर सही." आणि तू केलीस. तुझ्या सहीखाली नातेवाईक म्हणून माझी.

ते वाक्य मी रोज आठवते. काही नाही रे, कर सही. तू आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. शाळा सोडू नको म्हटलं, सोडलीस. आणि नेमकं हे ऐकलंस.

शेक संपला, तू घरी आलास, तेव्हा तो जाळीचा मुखवटाही बरोबर आणलास. शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचे तो, तुझ्याच तोंडाच्या मापाचा. तू तो स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलास आणि ओट्यामागे लपून आयला घाबरवलंस. आय एवढी भडकली! "असला तोंड घरान ठेवाचा नाय. दुखना गेला, त्याचा कागुद पन जाऊंदे." आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसावरून नारळ ओवाळून नदीला देतात, आयने त्यात भर घातली. नारळ, मुखवटा, तुझा हॉस्पिटलचा शर्ट आणि ती हिरवी फाईल, सगळं एका गोणीत भरलं आणि मला म्हणाली, जा, सोडून ये.

फाईल नको टाकायला, एवढी अक्कल मला होती. बारावी झाले होते मी. आयला सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं. पण त्या फाईलीत तो सहीचा कागद होता. त्याच्यावर खाली सगळं छापलेलं होतं, उशिरा काय काय होतं ते, आणि त्याखाली आपल्या दोघांच्या सह्या. कधी ना कधी तू ते वाचलं असतंस. मी गोणी उचलली, नदीवर गेले आणि दगड बांधून सोडून दिली. परत येताना मला बरं वाटलं, संज्या. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आणि मग तू मला खोटं ठरवलंस की नाही! केस परत आले, आधीपेक्षा दाट. उल्हासनगरच्या त्या जीन्सच्या कारखान्यात तू साधा कामगार म्हणून गेलास आणि दोन वर्षांत कटिंग मास्तर झालास. सिंधी शेठ सगळ्यांना सांगायचा, "साईं, हमारा मास्टर आँख बंद करके काटता है." मनीषाला बघायला वांगणीला गेलो तेव्हा ऑपरेशनचं सगळं तू स्वतः तिला सांगितलंस, डोक्यावरचा व्रण दाखवलास. ती म्हणाली, "आता बरे आहात ना?" तू म्हणालास, "ताईला विचार, ती रोज तपासते." सगळे हसले. मीही हसले. ते सांगायचा दिवस खरं तर तोच होता. मी पोह्यांची बशी पुढे केली.

ओवी झाली तेव्हा तू तिला माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "घे, तुझ्या शेकाचं व्याज." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. जेव्हा जेव्हा पॅसेजमधलं ते बोलणं आठवायचं तेव्हा मी ओवीकडे बघायची आणि स्वतःला म्हणायची, बरोबर केलंस, शोभे.

मग सुरू झालं. पहिलं काय झालं ते तुला कळलंही नसेल. तू माझ्या पोळीभाजीच्या दुकानात आलास, गप्पा मारल्यास, निघालास आणि पाच मिनिटांनी परत आलास. "ताई, बेलवलीला जायला रिक्षा कुठून घ्यायची गं?" मी तुला स्टँड दाखवला. तू गेलास. मी कणीक परत मळायला घेतली आणि इतकी मळली की कामाच्या बाईने परात काढून घेतली. संध्याकाळी मी स्वतःला समजावलं, उन्हाने झालं असेल. मे महिना होता.

मग तू मनीषावर ओरडायला लागलास. तू, ज्याने कधी पोरीला "ए" म्हटलं नाही. मग डाव्या पायातली चप्पल निघून जायची आणि तुला पत्ता नसायचा. आणि मग कारखान्यातलं ते. जीन्सचं कापड टेबलावर थरावर थर अंथरताना एक थर सुलटा, एक उलटा ठेवतात, म्हणजे एकाच कापणीत डावे-उजवे दोन्ही पाय निघतात. हे तूच मला शिकवलं होतंस, माझ्या ओट्यावर पोळ्या मांडून. त्या दिवशी तू साठ थर सगळेच्या सगळे सुलटे अंथरलेस आणि कापलेस. साठ डावे पाय. उजवा एकही नाही. शेठने सगळ्यांसमोर विचारलं, "मास्टर, पी के आया है क्या?" तू म्हणालास कापडाचं थान उलटं आलं होतं. घरी येऊन माझ्याशीही त्यावरून भांडलास. थानाची चूक, माझी नाही. तो वाद आपला अजून तसाच राहिलाय. मी म्हणत होते, तुझं लक्ष नव्हतं. दोघंही चुकत होतो, आणि मला ते माहीत होतं.

तरी तोपर्यंत दारू हा शब्द फक्त शेठच्या तोंडी होता. तो आपल्या घरात मी आणला. तेच सांगायला एवढं सगळं सांगत बसलेय.

शिरगावला मामाच्या नातवाची हळद. आपल्या आगरी हळदीत काय असतं ते तुला मी काय सांगू, बेंजोचा बँड वाजायला लागला की म्हातारेसुद्धा ग्लास घेऊन नाचतात. तू एका कोपऱ्यात संत्र्याचा सोडा घेऊन बसला होतास. पोरांनी हाताला धरून ओढलं म्हणून उठलास, चार पावलं नाचलास आणि आडवा झालास. नवऱ्यामुलाच्या पाटावरच. हळदीचं ताट उलटलं. कुणीतरी ओरडलं, "संज्या परला रं परला!" आणि सगळा मांडव हसला. "आज जास्त झाली याला." "बापावर गेला शेवटी." तू उठायला बघत होतास आणि डावा पाय तुझं ऐकत नव्हता. ओवी समोर उभी होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. ती हसत नव्हती.

मी धावत आले, तुला धरलं, आणि तुझ्या तोंडाचा वास घेतला. संत्र्याच्या सोड्याचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता. त्या क्षणी मला सगळं कळलं, संज्या. पॅसेजमधला डॉक्टर समोर उभा राहिला. मनीषा माझ्या खांद्याशी येऊन विचारत होती, "ताई, घेतलीय का हो यांनी? खरं सांगा."

मी म्हणाले, "घेतली असेल थोडी. हळद आहे, चालायचंच."

का म्हणाले? किती वेळा विचारलंय मी स्वतःला. दारू असती तर ती सोडवता आली असती ना रे. दारूला शिव्या देता येतात, शपथ घालता येते, माणूस सुधारतो. आणि दारू असती तर मी काही केलेलं नव्हतं. मला ती दारूच हवी होती. तू पिणारा निघालास तर माझी सुटका होती.

मनीषा दुसऱ्या आठवड्यात ओवीला घेऊन वांगणीला गेली. तू सांगत होतास, मी पीत नाही, मी पीत नाही, आणि जितकं सांगत होतास तितकी जीभ अडखळत होती, आणि तितकं ते दारूसारखं दिसत होतं. शेठनेही घरी बसवलं. आय कधीच गेली होती. तुझ्याजवळ उरले कोण? मीच. आणि मी काय केलं, तर तुला गावदेवीच्या देवळात नेलं, दारू सोडायची शपथ घ्यायला.

तू देवीसमोर उभा राहिलास. पुजाऱ्याने हातावर पाणी घातलं. तू माझ्याकडे वळून बघितलंस आणि एकदम जुना संज्या झालास, तोच डोळा बारीक करून. म्हणालास, "ताई, जी कधी प्यायलोच नाही ती सोडू कशी? आधी एक क्वार्टर आण, पितो, मग सोडतो." पुजारी हसला. मी तुझ्यावर खेकसले, देवळात असली थट्टा करतोस! मग तू हात जोडलेस आणि मुकाट्याने म्हणालास, "सोडली." तुला एवढंच हवं होतं की मनीषा परत यावी. देवळाच्या पायऱ्या उतरताना तुला माझा हात धरावा लागला.

ती शपथ पुरे दोन महिनेही चालली नाही. माझ्या दुकानातच, सकाळच्या डब्यांच्या वेळेला, तुला फिट आली. आधी डावा हात उडायला लागला, मग सगळं अंग. पिठाचा डबा तुझ्या अंगावर आला. गिऱ्हाईकं पळाली. तुझे दाजी आणि रिक्षावाला, दोघांनी तुला उचललं. अंबरनाथला तुझं डोकं तपासलं, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून, आणि डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. पांढरा डाग होता, जिथे गाठ होती त्याच बाजूला. ते म्हणाले, "हे दोन प्रकारचं असू शकतं. एक तर जुनी गाठ परत आलीय. नाहीतर तेव्हा दिलेल्या शेकाचा हा आत्ता दिसणारा परिणाम आहे. शेकाने गाठ मरते, पण आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांना आतल्या आत धक्का बसत राहतो, वर्षानुवर्षं. त्या वेळची फाईल द्या. किती शेक, नेमका कुठे, ते कळलं तर आम्हाला सोपं जाईल."

मनीषा तेवढ्यात वांगणीहून धावत आली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "फाईल पुरात गेली."

आपल्या बदलापुरात नदीच्या पुरात काय गेलं नाही? कुणी शंका घेत नाही. मुंबईच्या हॉस्पिटलात चौकशी केली, तिथल्या जुन्या कागदांत शोधायला वेळ लागला, अर्धवट काहीतरी मिळालं. तोवर औषध देऊन बघणं, परत फोटो काढणं, वाट बघणं. शेवटी नक्की झालं की गाठ नाही, शेकाचंच आहे. मी धीर करून डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, लवकर कळलं असतं तर? ते म्हणाले, "फिट्सची औषधं लवकर सुरू झाली असती. चालण्याचा व्यायाम झाला असता. पुढचं थांबलं असतं असं मी सांगू शकत नाही. पण घरच्यांना कळलं असतं की हा आजार आहे." ते अगदी साधेपणाने म्हणाले.

त्यांनी आणखी एक सांगितलं, तेही तुला सांगायला हवं. शेक दिला नसता तर ही चौदा वर्षं बहुतेक मिळाली नसती. शेक द्यायला लावला याचं मला दुःख नाही, संज्या. परत तीच वेळ आली तर मी परत रडेन, ओरडेन, तुला शेक घ्यायला लावेन. फक्त त्या डॉक्टरला बोलू देईन. तू भांडला असतास, चार दिवस तोंड फिरवून बसला असतास आणि मग सही केली असतीस, मला खात्री आहे. आणि मग दहा वर्षांनी तुझी चप्पल निघाली असती तेव्हा तूच म्हणाला असतास, "ताई, आलं बघ ते." आपण दोघं मिळून घाबरलो असतो. मी एकटीच घाबरत राहिले आणि तू एकटाच बदनाम झालास.

औषधाने मध्ये महिनाभर तू बरा होतास. तोंड सुजलं होतं, भूक मात्र अशी की माझ्या पोळ्या पुरेनात. "चामड्यासारख्या झाल्यात गं," म्हणत सात खायचास. मनीषा परत आली होती, तुझं सगळं करत होती, न बोलता. ओवी मात्र दारातच उभी राहायची. तू हाक मारलीस की "अभ्यास आहे" म्हणायची. तू मला विचारलंस, "घाबरते का गं मला?" मी म्हणाले, "लहान आहे." परत तेच. काही नाही रे, कर सही.

एकदा दुपारी तू म्हणालास, "ताई, परीक्षा घे ना." तेव्हा जीभ जड झाली होती, गिळताना ठसका लागायचा. मी विचारलं, आज वार कोणता? तू बराच वेळ छताकडे बघितलंस आणि म्हणालास, "मंगळवार." शुक्रवार होता. मी म्हणाले, बरोबर. तू डोळे मिटून हसलास. तेव्हा घरात आपण दोघंच होतो. मी त्या वेळी सांगू शकले असते, तू ऐकू शकत होतास. मी तुझी उशी नीट केली.

आणि तुझ्या दहाव्याला शेठ आला. खुर्चीत बसला नाही, खाली बसला. म्हणाला, "दीदी, मैंने मास्टर को सबके सामने दारूवाला बोला. एक बार बता दो, पीता था ना?" त्याला हो ऐकायचं होतं, माझ्यासारखंच. मी त्याला चहा दिला.

इथवर लिहून मी थांबले होते. काल. आज दुपारी उठून बेलवलीला गेले. रिक्षात दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "मावशी, पाणी देऊ का?"

मनीषा तुझे शर्ट घडी करून पिशवीत भरत होती. ओवी खाली बसून वहीला कव्हर घालत होती. मी म्हणाले, मनीषा, मला बोलायचंय, आणि ओवीसमोरच बोलायचंय. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पॅसेज, सही, नदी, हळद, पूर. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेलेच नसते.

मनीषाच्या हातात तुझा निळा शर्ट होता. तो तिने पिशवीबाहेर ठेवला. मग म्हणाली, "हळदीच्या दिवशी तुम्ही त्यांच्या तोंडाचा वास घेतलात. मी बघत होते. म्हणून तर तुम्हाला विचारलं." मी म्हणाले, हो. ती म्हणाली, "चार महिने मी माहेरी राहिले, ताई. चार महिने ते एकटे जेवत होते." मी पाया पडायला वाकले तर ती मागे सरकली. आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मला ती क्षमा करील असं वाटत नाही, आणि तिने करावी असं म्हणायचं तोंडही मला नाही.

ओवी तशीच बसली होती, कात्री हातात धरून. तिने विचारलं, "आत्या, म्हणजे पप्पा दारू प्यायचे नाहीत?"

"एक थेंबसुद्धा नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. त्यांना आजार होता, बाळा. त्यांना पाय सापडायचा नाही, म्हणून पडायचे."

तिने वही खाली ठेवली. तिचं तोंड अगदी तुझ्यासारखं झालं, रडू दाबताना तुझं व्हायचं तसं. म्हणाली, "ते मला रोज हाक मारायचे. मग मी जवळ का नाही गेले?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले.